आपल्या पानावर नीट, दुसऱ्याच्या पानावर वाकडं: एम्बेड केलेल्या विजेटचं सीएसएस पुन्हा पुन्हा का बिघडतं

गेली चार वर्षं मी एक लहानसं बुकिंग कॅलेंडर सांभाळतोय. ते विजेट आहे, म्हणजे दुसऱ्याच्या पानात बसवायचा (एम्बेड करायचा) तयार तुकडा. कोकणातल्या होमस्टेवाल्यांच्या साइटवर ते बसतं. तारीख निवडायची, खोली रिकामी आहे का बघायचं, नाव-नंबर द्यायचा, झालं. साइटमालकाला दोन ओळींचा कोड चिकटवावा लागतो, एक डिव्ह (रिकामा डबा) आणि एक स्क्रिप्ट. माझ्या चाचणीच्या पानावर हे कॅलेंडर कायम नीट दिसतं. नवी साइट जोडली की मात्र दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला: "दादा, कॅलेंडर विचित्रच दिसतंय हो."

विचित्र म्हणजे कधी तारखांच्या चौकोनांना जाड काळ्या रेघा, कधी बटणं लालभडक, कधी अक्षरं मुंगीएवढी, तर कधी मोबाइलवर अख्खं कॅलेंडर साइटच्या मेनूवर चढून बसलेलं. सुरुवातीला प्रत्येक तक्रार मी नवीन समजून सोडवायचो आणि दर वेळी स्टायलशीटमध्ये, म्हणजे दिसण्याचे नियम (सीएसएस) लिहिलेल्या फाइलमध्ये, पाच-दहा ओळी वाढायच्या. पुढची साइट आली की त्याच ओळी अपुऱ्या पडायच्या. तुमचं फॉर्मचं, चॅटचं, नकाशाचं किंवा देणगीचं विजेट असेल तर हे चक्र तुमच्याही ओळखीचं असेल.

तक्रारी शेकडो दिसल्या तरी पानाचा प्रभाव विजेटवर पडतो तो तीनच वाटांनी. पहिली वाट थेट सिलेक्टरची, म्हणजे नियम कुणाला लागायचा हे सांगणाऱ्या भागाची: थीममध्ये (साइटच्या तयार रूपात) लिहिलेला नियम तुमच्या बटणाला, टेबलाला सरळ लागू होतो. दुसरी वारशाची: नियम लागतो बाहेरच्या डब्याला, पण रंग, फॉन्ट, ओळींतलं अंतर झिरपत तुमच्यापर्यंत येतं. तिसरी आसपासच्या परिस्थितीची: तुमच्या एलिमेंटला (पानातल्या घटकाला) कुठलाच परका नियम लागलेला नसतो, पण पानाच्या मुळाशी किंवा वरच्या एखाद्या डब्यावर असं काही असतं की तुमची मापं आणि जागा बदलतात. तिन्ही वाटांची कुलपं वेगळी आहेत. एका वाटेचं कुलूप दुसरीला लावलं की तास वाया जातात. माझे कितीतरी गेले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वाट ओळखा

सीएसएसची कल्पना होकोन व्हिउम ली यांनी १९९४ साली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत असताना मांडली आणि पहिली आवृत्ती १९९६च्या डिसेंबरात मान्य झाली. त्या काळी पान म्हणजे एक दस्तऐवज, आणि त्यावर लेखकाचे, वाचकाचे, ब्राउझरचे नियम एकत्र कसे नांदतील हा प्रश्न होता. एका पानात दुसऱ्याच कुणाचा तुकडा येऊन बसेल आणि त्याला स्वतःच्या भिंती हव्या असतील, हे त्या मांडणीत नव्हतंच. पानावरचे सगळे नियम पानातल्या घटकांच्या सगळ्या झाडाला लागू, हाच मूळ करार आहे. थीम लिहिणाऱ्याने काही वावगं केलेलं नसतं. साइटमालकाशी बोलताना हे लक्षात ठेवा, नाहीतर "तुमची थीमच खराब आहे" असं तोंडातून निघतं आणि माणूस उगाच दुखावतो.

बिघडलेल्या भागावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. स्टाइल्सच्या पट्टीत वरचा नियम जिंकलेला, खालचे हरलेले. हरलेल्या ओळींवर काट मारलेली दिसते. तुमची ओळ काटलेली असेल आणि वर थीमच्या फाइलचं नाव असेल, किंवा तुम्ही न लिहिलेली ओळ थीमच्या फाइलमधून थेट लागलेली असेल, तर पहिली वाट. पट्टीत खाली सरका. 'अमुककडून वारसा' अशा मथळ्याखाली नको असलेली किंमत दिसली तर दुसरी वाट. आणि एकही ओळ काटलेली नाही, थीमची एकही ओळ लागलेली नाही, वारशातही काही नाही, तरी माप चुकलंय, तर नक्की तिसरी.

एक खूण मला फार उपयोगी पडते. बटण आणि इनपुट यांच्या बाबतीत ब्राउझर स्वतःच अक्षरांतलं अंतर, टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म वगैरे मूळ किमतीवर आणून ठेवतो, म्हणजे तिथे या गोष्टींचा वारसा आपोआप तुटतो. त्यामुळे बटणातली अक्षरं फाकलेली दिसली की वारसा तपासत बसू नका, कुणीतरी बटणाला थेट नियम लावलाय.

असंच एक बटण जवळून बघू. माझ्या कॅलेंडरवर 'उपलब्धता पहा' असं बटण आहे. एका साइटवर त्यातली शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली होती, जणू कुणी शब्द कात्रीने कापून पुन्हा शेजारी शेजारी ठेवलाय. शेजारच्या 'पुढील महिना' बटणात पुचा उकार खालून कापला गेला होता आणि वेलांट्यांचे माथे वरून. थीममध्ये एन्ट्री-कंटेंट या क्लासच्या (घटकांच्या गटाला दिलेल्या नावाच्या) आतल्या प्रत्येक बटणासाठी नियम होता: लेटर-स्पेसिंग २ पिक्सेल, लाइन-हाइट १, ओव्हरफ्लो हिडन, सगळी अक्षरं कॅपिटल. इंग्रजी बटणावर हे ऐटदार दिसतं. देवनागरीत कॅपिटलचा काही परिणाम होत नाही, पण अंतर वाढलं की शिरोरेषेत फटी पडतात आणि १ची लाइन-हाइट मात्रा-उकारांना पुरत नाही.

थीम का जिंकली? स्पेसिफिसिटी, म्हणजे नियमाचं वजन, तीन घरांत मोजतात: आयडी (एकाच घटकाचं नाव), मग क्लास, मग टॅग (घटकाचा प्रकार). माझ्या नियमात एकच क्लास होता, म्हणजे ०-१-०. थीमच्या नियमात एक क्लास आणि एक टॅग, म्हणजे ०-१-१. एका टॅगने मी हरलो. त्याच थीमचा टेबलाच्या चौकोनांसाठीचा नियम ०-१-२ होता. जाड काळ्या रेघा तिथून आल्या होत्या.

शिवाय लाइन-हाइट आणि लेटर-स्पेसिंग या गोष्टी माझ्या स्टायलशीटमध्ये मी लिहिल्याच नव्हत्या. माझ्या पानावर त्या आपोआप बरोबर होत्या, मग लिहायच्या कशाला? विजेट लिहिताना खरी अडचण हीच आहे. आपण लिहिलेल्या ओळींचं भांडण दिसतं तरी, न लिहिलेल्या ओळींच्या जागी थीम गुपचूप येऊन बसते.

इम्पॉर्टंटची लढाई

अशा वेळी हात आपोआप इम्पॉर्टंटकडे, म्हणजे ओळीला सक्तीने जिंकवणाऱ्या शब्दाकडे, जातो. माझ्या जुन्या आवृत्तीत ते शंभराच्या वर झाले होते. दोन गोष्टींनी मला थांबवलं. एक म्हणजे थीमांमध्येही इम्पॉर्टंट असतो, आणि दोन्हीकडे तो असला की निकाल पुन्हा स्पेसिफिसिटीवर आणि क्रमावर येतो, म्हणजे जिथून निघालो तिथेच. दुसरी म्हणजे एका होमस्टेच्या ताईंना बटण त्यांच्या साइटच्या हिरव्या रंगाचं हवं होतं. साधी, रास्त मागणी. माझ्या स्वतःच्या इम्पॉर्टंटमुळे त्यांच्या ओळीचा काही उपयोग होईना, आणि दोन रंगांसाठी मला वेगळी आवृत्ती काढावी लागली.

अगदीच घाई असेल आणि रचना बदलायला वेळ नसेल तर इम्पॉर्टंटपेक्षा क्लास दुहेरी लिहा. तोच क्लास सिलेक्टरमध्ये दोनदा लागोपाठ लिहिला की वजन ०-२-० होतं आणि बहुतेक थीमांच्या वर जातं. दिसायला विचित्र, पण पूर्णपणे वैध आहे आणि नंतर काढायलाही सोपं. थीमने लिस्टच्या आधी बाणाचं चिन्ह किंवा लिंकनंतर छोटं चित्र लावलं असेल तर ते बिफोर-आफ्टर या सूडो-एलिमेंटमधून, म्हणजे सीएसएसनेच घातलेल्या आभासी घटकातून, येतं. एलिमेंटला कितीही नियम लावले तरी ते हटत नाही. तिथे कंटेंट नन असं वेगळं लिहावं लागतं.

क्लासच्या नावांचंही तेच. बीटीएन, अ‍ॅक्टिव्ह, हिडन, रो, कंटेनर, कार्ड ही नावं अर्ध्या जगाच्या थीमांत आहेत. विजेटमधल्या प्रत्येक क्लासला आपला असा उपसर्ग लावा, आयडीला आणि अ‍ॅनिमेशनच्या की-फ्रेम्सनाही. की-फ्रेम्सचं नाव सगळ्या पानात सामाईक असतं. माझं 'फेड' आणि थीमचं 'फेड' एकमेकांवर आले होते आणि त्यांचा स्लायडर माझ्या चालीने हलू लागला होता.

त्या प्रसंगावरून आठवलं: गळती दोन्ही बाजूंनी होते. आपण पाहुणे आहोत, हे विसरून चालत नाही. मी सुरुवातीला सोयीसाठी बूटस्ट्रॅप ३ हा तयार सीएसएसचा संच अख्खा विजेटसोबत आणत होतो. त्या आवृत्तीत एचटीएमएल या मुळाच्या टॅगला १० पिक्सेलचा फॉन्ट-साइझ दिलेला असतो. ज्या साइटची सगळी मापं रेममध्ये, म्हणजे या मुळाच्या फॉन्ट-साइझच्या पटीत, होती ती माझ्यामुळे एका रात्रीत आक्रसली. मालकाला दोन दिवस कळलंच नाही की हे कॅलेंडरने केलंय. त्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये बॉडी, एचटीएमएल, तारांकित सिलेक्टर किंवा उघडा टॅग यांपैकी एकही नाही. कोड रिव्ह्यूमध्ये हा एकच नियम मी कुणासाठीही मोडू देत नाही.

शॅडो डॉम: पहिल्या वाटेचं खरं कुलूप

पहिली वाट कायमची बंद करायची तर शॅडो डॉम, म्हणजे पानातच विजेटपुरती वेगळी, भिंतीआडची जागा. विजेटच्या डिव्हला जावास्क्रिप्टमधून अटॅच-शॅडो केलं, आतलं सगळं एचटीएमएल आणि स्टाइल त्या शॅडो रूटमध्ये टाकलं की थीमचे सिलेक्टर आत पोचतच नाहीत आणि आपले बाहेर जात नाहीत. 'एन्ट्री-कंटेंटमधलं प्रत्येक बटण' या नियमाला आतलं बटण दिसतच नाही. क्रोम ५३ आणि सफारी १० मध्ये तो २०१६ला आला, फायरफॉक्स ६३ मध्ये २०१८ला. आज तो वापरायला घाबरायचं कारण नाही.

पण अनेकजण शॅडो डॉम लावतात, तरीही फॉन्ट वेगळा दिसतो आणि मग "हे काही चालत नाही" म्हणून सोडून देतात. चालतं, फक्त ते एकाच वाटेचं कुलूप आहे. वारसा शॅडोच्या भिंतीतून आरपार जातो. बाहेर रंग करडा, टेक्स्ट मधोमध, अक्षरांत अंतर असेल तर आतही तेच. कस्टम प्रॉपर्टीज, म्हणजे सीएसएस व्हेरिएबल्सही आत येतात, आणि ते सोयीचंच आहे. ताईंचा हिरवा रंग आता त्या एका व्हेरिएबलने देतात. मी आतमध्ये तेवढंच दार उघडं ठेवलंय.

वारसा तोडायला ऑल: इनिशियल आहे, म्हणजे सगळ्या प्रॉपर्टीज मूळ किमतीवर आणणारी ओळ. तो कुठे लावायचा यात गोम आहे. बहुतेक लोक तो होस्टवर, म्हणजे शॅडो धारण करणाऱ्या डिव्हवर, आतून लावतात. पण होस्ट हा बाहेरच्या पानाचाही एलिमेंट आहे, आणि साध्या नियमांत बाहेरचा नियम आतल्या होस्ट नियमावर मात करतो. स्पेसिफिसिटी कितीही असो. थीममध्ये डिव्हला काही दिलेलं असेल तर तुमचा इनिशियल तेवढ्यापुरता हरतो. म्हणून मी शॅडो रूटच्या आत सगळ्यात बाहेर एक वेगळा डिव्ह ठेवतो आणि ऑल: इनिशियल त्याला लावतो. त्याला बाहेरून कुणी हात लावू शकत नाही. त्यापाठोपाठ लगेच डिस्प्ले: ब्लॉक लिहायला विसरू नका, कारण डिस्प्लेची मूळ किंमत इनलाइन आहे आणि ती विसरली की सगळी मांडणी कोलमडते. ऑल या प्रॉपर्टीतून डायरेक्शन, युनिकोड-बिडी आणि कस्टम प्रॉपर्टीज मात्र सुटतात. मराठी साइटवर त्याने बिघडत नाही, पण तुमचं विजेट उर्दू साइटवर जाणार असेल तर डायरेक्शनचा विचार वेगळा करा.

होस्टची स्वतःची रुंदी किंवा मार्जिन वाचवायची असेल तर मात्र इम्पॉर्टंट योग्य ठरतो. इम्पॉर्टंट असलेल्या नियमांत क्रम उलटतो, आतला बाहेरच्यावर मात करतो. शंभरांपैकी माझ्याकडे आता तीन उरलेत, तिन्ही होस्टवर.

शॅडो डॉममध्ये आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. फॉन्ट-फेसची घोषणा शॅडोच्या आत लिहिली तर ब्राउझर ती मानत नाहीत. ती मुख्य पानाच्या हेडमध्ये टाकावी लागते. मी मुक्ता हा फॉन्ट वापरतो आणि स्क्रिप्टमधूनच हेडला लिंक जोडतो. आणि लेबलचं फॉर किंवा एरिया-लेबल्डबाय ही आयडीवर चालणारी नाती भिंतीपलीकडे जोडली जात नाहीत. लेबल आणि इनपुट दोन्ही एकाच बाजूला ठेवा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसासाठी हे फार महत्त्वाचं आहे. डोळ्यांना फॉर्म ठीक दिसतो म्हणून चूक लक्षात येत नाही, आणि त्याच्या कानाला मात्र नुसतं 'एडिट बॉक्स' ऐकू येतं. त्याचप्रमाणे बाहेरच्या फॉर्म टॅगला आतले इनपुट दिसत नाहीत, सबमिट केलं की त्यांच्या किमती जात नाहीत.

अक्षरं मुंगीएवढी: रेमचा प्रश्न

तिसऱ्या वाटेवर सर्वांत जास्त तक्रारी येतात आणि सर्वांत कमी लोक तिला ओळखतात. रेम हे माप नेहमी पानाच्या मुळाशी, एचटीएमएल टॅगच्या फॉन्ट-साइझशी बांधलेलं असतं. शॅडो डॉम लावा, ऑल इनिशियल लावा, रेमला फरक पडत नाही. पुष्कळ थीमा हिशोब सोपा व्हावा म्हणून मुळाला ६२.५ टक्के देतात. १६चे १० पिक्सेल होतात आणि तुमचा १ रेम १०वर येतो. इन्स्पेक्टमध्ये काही काटलेलं दिसत नाही. नियम तुमचाच आणि जिंकलेलाही, फक्त त्याचा अर्थ बदललेला. कम्प्युटेड टॅबमध्ये फॉन्ट-साइझ १० दिसली की समजा.

सरळ पिक्सेल वापरा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चालतो, पण ज्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय त्याचा तो अपमान आहे. होमस्टे बुक करणाऱ्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ असतात. माझा तोडगा असा: वर सांगितलेल्या आतल्या डिव्हवर ऑल: इनिशियल लावला की त्याचा फॉन्ट-साइझ मीडियम होतो, आणि मीडियम म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये निवडलेलं मूळ माप. थीमने मुळाशी काहीही केलेलं असो. तिथून आत सगळी मापं एममध्ये, म्हणजे जवळच्या फॉन्ट-साइझच्या पटीत. एम एकात एक गुणले जातात, म्हणून फॉन्ट-साइझ एकाच पातळीवर द्यायची शिस्त पाळावी लागते. तेवढं सांभाळलं की थीमही दूर राहते आणि वाचकाची निवडही जपली जाते. हा एक बदल केल्यापासून 'अक्षरं बारीक' ही तक्रार माझ्याकडे पुन्हा आलेली नाही.

मेनूवर चढलेलं कॅलेंडर

झेड-इंडेक्सची, म्हणजे कोण कुणाच्या वर दिसेल हे ठरवणाऱ्या आकड्याची, भांडणं अशीच. लोक ९९९९ लिहितात, मग ९९९९९, मग कुणीतरी २१४७४८३६४७ लिहितं, जी चिन्हासह (साइन्ड) बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे. त्यापुढे कुणाला जाता येत नाही. आकडा वाढवण्याआधी हे बघा की दोन्ही गोष्टी एकाच स्टॅकिंग कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ज्याच्या आतच आकडे ताडले जातात अशा गटात, आहेत का.

लीफलेट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा नकाशा याचं चांगलं उदाहरण. होमस्टेच्या काही साइटवर तो असतो. त्याचे आतले थर ठरलेल्या आकड्यांवर असतात: नकाशाचे तुकडे २००वर, खुणा ६००वर, पॉपअप ७००वर, कोपऱ्यातली बटणं १०००वर. साइटच्या चिकट मेनूला कुणी १०० दिलेलं असेल तर पान वर सरकवताना नकाशा मेनूवरून जातो. मेनूचा आकडा वाढवायची गरज नाही. नकाशाच्या बाहेरच्या डब्याला आयसोलेशन: आयसोलेट द्या. आतले सगळे आकडे त्या डब्यापुरते उरतात आणि बाहेर तो डबा साधा राहतो. माझ्या कॅलेंडरच्या डब्यालाही मी हेच दिलंय, आणि ज्यांचं विजेट पानाच्या मजकुरात बसतं त्या सगळ्यांनी ते द्यावं असं माझं ठाम मत आहे.

उलट तक्रार असते मोडलची, म्हणजे पानावर उघडणाऱ्या चौकटीची. "संपूर्ण पडदा झाकायला हवा, तर तो एका कोपऱ्यातच उघडतोय." पोझिशन फिक्स्ड एरवी खिडकीला धरून असतं. पण वरच्या कुठल्याही पूर्वजाला ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर लागला की ते त्या पूर्वजाला धरतं. स्क्रोल करताना अलगद वर येणारे भाग असलेल्या थीमांत हे हमखास होतं. पूर्वी मी मोडल उचलून बॉडीच्या शेवटी नेऊन टाकायचो, त्यात शॅडोचं संरक्षण जायचं. आता डायलॉग टॅग आणि शो-मोडल वापरतो. ते ब्राउझरच्या सर्वांत वरच्या थरात उघडतं. तिथे ना ट्रान्सफॉर्म आड येतो, ना कुणाचा झेड-इंडेक्स. मार्च २०२२पासून तिन्ही मोठ्या ब्राउझरांत ते आहे.

आयफ्रेम कधी

आयफ्रेमने, म्हणजे पानात बसवलेल्या वेगळ्याच पानाने, पहिल्या दोन वाटा पूर्ण बंद होतात आणि तिसरीतला रेमचा प्रश्नही सुटतो. कार्डाचा नंबर घ्यायचा असेल तर दुसरा विचारच नको. शॅडो डॉम क्लोज्ड ठेवला तरी पानावरची स्क्रिप्ट आत पोचायला वाट काढू शकते. तो सुरक्षेसाठी नाहीच.

पण किंमत मोजावी लागते. उंची कळत नाही. काही सांगितलं नाही तर ३०० बाय १५० पिक्सेलचा तुकडा मिळतो. आतून रिसाइझ-ऑब्झर्व्हरने उंची मोजून पोस्ट-मेसेजने बाहेर कळवायची आणि बाहेर ओरिजिन (निरोप कुठल्या साइटवरून आला ते) तपासून मगच ती मानायची. आत कुठे १०० व्हीएच (खिडकीची पूर्ण उंची) वापरलं असेल तर काढा. आयफ्रेममध्ये व्हीएच म्हणजे आयफ्रेमचीच उंची. त्यावर पॅडिंग चढलं की उंची वाढते, वाढली की पुन्हा कळवली जाते, आणि पान खाली खाली लांबतच जातं. साइट डार्क असेल आणि तिने कलर-स्कीम डार्क जाहीर केलं असेल, पण आतल्या पानाने केलं नसेल, तर पारदर्शक आयफ्रेममागे पांढराशुभ्र ठोकळा दिसतो. बॅकग्राउंड ट्रान्सपरंट लिहून तो जात नाही. आतही कलर-स्कीम जाहीर करा.

मराठी विजेटवाल्यांसाठी एक गोष्ट खास. पानाच्या मुळावर लॅंग म्हणजे भाषेचा कोड एमआर दिलेला असेल तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो. शॅडो डॉममध्ये ही भाषा आपोआप आत येते. आयफ्रेममध्ये येत नाही, कारण ते वेगळं पान. तिथे मुळावर पुन्हा एमआर लिहायला लागतं. नाहीतर वर मराठी ल आणि कॅलेंडरमध्ये हिंदी ल, असं एकाच पडद्यावर दिसतं. ग्राहक बोट ठेवून सांगू शकत नाही, पण काहीतरी परकं आहे हे त्याला जाणवतं.

पान तुमचं, विजेट दुसऱ्याचं असेल तर

तेव्हा बंदोबस्त तुमच्या बाजूने करता येतो, आणि तो सोपाही आहे. तुमच्या थीमचे नियम कॅस्केड लेयरमध्ये, म्हणजे सीएसएसमधल्या वेगळ्या थरात, ठेवा. लेयरमध्ये नसलेला नियम लेयरमधल्या नियमावर नेहमी मात करतो, मग स्पेसिफिसिटी कितीही असो. त्यामुळे बाहेरून आलेल्या विजेटची स्टायलशीट न बोलता जिंकते. २०२२च्या सुरुवातीला क्रोम ९९, फायरफॉक्स ९७ आणि सफारी १५.४ मध्ये हे आलं. फक्त लेयरमधल्या नियमांवर इम्पॉर्टंट असेल तर उलटं होतं, लेयरमधला जिंकतो. तेव्हा लेयर करण्याआधी तेवढे इम्पॉर्टंट शोधून काढून टाका.

लेयर शक्य नसेल तर निदान चित्रांचा सरसकट नियम आवरा. सगळ्या चित्रांना मॅक्स-विड्थ १०० टक्के दिलं की नकाशांचे तुकडे आणि बटणं चेपतात. लीफलेट आपल्या तुकड्यांसाठी याचा बंदोबस्त स्वतः करतं, बाकी सगळी विजेट्स करतीलच असं नाही.

स्टाइलचं भांडण वाटतं, पण नसतं

दोन प्रकार. वर्डप्रेसमध्ये कोड साध्या मजकुरात चिकटवला तर ते ओळी तुटतात तिथे पी आणि बीआर हे टॅग घालतं. कॅलेंडरच्या वर हातभर मोकळी जागा आणि नियम कुठेच सापडत नाही, तर एलिमेंट्समध्ये रिकामे पी टॅग शोधा. कस्टम एचटीएमएल ब्लॉकमध्ये कोड टाकला की प्रश्न मिटतो.

दुसरं, "काल चालत होतं, आज बिघडलं, आम्ही काहीच केलं नाही." खरंच काही केलेलं नसतं. कॅश किंवा वेग वाढवण्याचं प्लगइन सगळ्या सीएसएस फाइली एकत्र करतं तेव्हा त्यांचा क्रम बदलू शकतो. दोन नियमांचं वजन सारखं असेल तर नंतरचा जिंकतो, म्हणून फक्त क्रमावर जिंकत असलेले नियम त्या दिवशी हरतात. प्लगइन तात्पुरतं बंद करून बघा, पण दुरुस्ती विजेटमध्ये करा. क्रमाच्या भरवशावर काही उभं असेल तर ते पुन्हा पडणारच.

आता प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पाठवण्याआधी मी ती एका मुद्दाम बिघडवलेल्या पानावर चढवतो. त्या पानाचं मूळ माप ६२.५ टक्के आहे. टेबलाला काळ्या रेघा आहेत, बटणांना लेटर-स्पेसिंग, चित्रांना मॅक्स-विड्थ, लिस्टला बाण, वरच्या डब्याला ट्रान्सफॉर्म, मेनूला १०० झेड-इंडेक्स आणि चार-पाच इम्पॉर्टंट. एखाद्या साइटवर नवं काही सापडलं की तो नियम आधी या पानावर टाकतो, तिथे कॅलेंडर मोडताना डोळ्यांनी बघतो आणि मगच दुरुस्तीला बसतो. गेल्या महिन्यात त्यात एक ओळ वाढली: प्रत्येक इनपुटला अ‍ॅपिअरन्स नन. गुहागरकडच्या एका साइटवर तिच्यामुळे चेकबॉक्सचा रकानाच दिसेनासा झाला होता. ती साइट अजून जुन्या, शॅडो नसलेल्या आवृत्तीवर होती. नव्या आवृत्तीवर आणली आणि रकाना परत दिसू लागला.